डुबकीपूर्वीचा व्यायाम: सरसकट निषेध अनाठायी

स्कूबा डायव्हिंगपूर्वी व्यायाम वर्ज्य मानावा, कारण स्नायूंच्या हालचालींमुळे शरीरात वायूची सूक्ष्म केंद्रके तयार होतात आणि वर येताना त्यांचेच बुडबुडे होतात, हा पूर्वपक्ष जुना आहे व निराधारही नाही. दर 10 मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन ऊतींत विरघळतो आणि दाब झपाट्याने उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो; त्यातून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत जे विकार उद्भवतात, त्यांना डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. मात्र एवढ्यावरून सर्व व्यायामाला, तो कोणता आणि किती तास आधीचा हे न पाहता, बंदी घालणे प्रयोगांच्या कसोटीला उतरत नाही.

क्रोएशियातील झेल्को दुयिच व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 12 पाणबुड्यांना दाबकक्षात 18 मीटर खोलीइतक्या दाबाखाली 80 मिनिटे ठेवले होते. 24 तास आधी ट्रेडमिलवर 40 मिनिटे आलटून पालटून जोरकस व सौम्य धावल्यानंतर त्यांच्याच हृदयात अल्ट्रासाउंडने दिसणारे बुडबुडे लक्षणीय घटले. पुढच्याच वर्षी फ्रेंच संशोधकांना दोन तास आधीच्या धावण्यानेही तसाच लाभ दिसला. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइडचे कारण पुढे केले जाते, परंतु ते रोखूनही व्यायाम केलेल्या उंदरांचे संरक्षण टिकले, तेव्हा ते स्पष्टीकरण अपुरे आहे.

म्हणून धावून आलेल्याने जास्त वेळ खाली थांबावे, हा उलटा निष्कर्ष अधिक घातक होय. बुडबुडे म्हणजे आजार नव्हे, त्यांची घट म्हणजे रोगमुक्तीची हमी नव्हे. वेळेचे कोष्टक, संथ चढण आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा यांत तसूभरही सवलत मिळत नाही.

निषेधाची खरी जागा डुबकीनंतरची आहे, आणि तिथेच हयगय फार होते. सुमारे चौघांतील एका प्रौढाच्या हृदयात दोन कर्णिकांमधले जन्मजात छिद्र पूर्ण बुजलेले नसते. पाठीवरच्या जड सिलिंडरसह श्वास रोखून होडीची शिडी चढताना छातीतला दाब बदलतो आणि एरवी फुप्फुसांत गाळले जाणारे बुडबुडे त्या वाटेने थेट धमन्यांत शिरू शकतात. शक्य तेथे सिलिंडर आणि वजनाचा पट्टा पाण्यातूनच होडीवरच्या माणसाकडे द्यावा, मग मोकळ्या अंगाने, श्वास चालू ठेवून शिडीला हात घालावा.