ज्याचा त्याचा बोरू

अंबाजोगाईत इंजिनिअरिंग शिकणारा भाचा दिवाळीला आजोळी आला आणि माझ्या लॅपटॉपवर विम नावाचा टेक्स्ट एडिटर टाकून गेला. "मामा, माऊसला हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी मला त्यातून बाहेरच पडता येईना. फोनवर मंत्र मिळाला: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. उद्गार तर आधीच निघाले होते!

ब्रॅम मूलेनार यांनी १९९१मध्ये आणलेला हा एडिटर फुकट. आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा, एवढंच मागणं. भाच्याच्या वर्गातली बहुतेक पोरं मात्र व्हीएस कोडवाली, आणि एक सर ईमॅक्सवाले. टपरीवर यावरून जुंपते म्हणे. जुंपू दे. सुतार तरी दुसऱ्याच्या पटाशीला कुठे हात लावतो?

माझी तक्रार वेगळीच. विम चालतो त्या टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर 'क्षेत्र' लिहिलं, तर जोडाक्षर फुटलं, मात्रा शेजारी जाऊन बसली. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांच्या समाधीच्या गावातून आलेल्या पोराने ही भेट द्यावी! हे संपादकीय गुपचूप नोटपॅडमध्ये लिहिलंय. भाच्याला सांगू नका.