सापळ्याला नवी कीड कोण शिकवणार?

कॅमेरा बसवलेल्या कामगंध सापळ्यांच्या माहितीपत्रकांत आता एक आकडा ठळक अक्षरांत असतो: आतील एआय चिप सेकंदाला किती लाख कोटी क्रिया करते. कोणी ४ सांगतो, कोणी १३, कोणी २६. आकडा मोठा तो सापळा चांगला, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे मत मात्र असे की, या आकड्याआधी त्या चिपला चालवणारी लिनक्स प्रणाली कशी बांधली आहे आणि ती आपल्याला पुन्हा बांधता येईल का, हे विचारले पाहिजे. कीटकशास्त्रज्ञाने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर पतंगांच्या मोजणीत आहे.

गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी आपण मानतो. म्हणजे दोन-तीन पतंगांच्या चुकीवर फवारणीचा निर्णय फिरतो. पतंग जेमतेम ८ ते १० मिलिमीटर लांबीचा. चिकट कागदाचे मोठे छायाचित्र आक्रसून संगणकी प्रतिमानाला दिले, तर पंखांची झालर, खवल्यांची ठेवण हे ओळखीचे तपशील पुसले जातात. म्हणून छायाचित्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र तपासावा लागतो. रुंदीत ४०००, उंचीत ३००० बिंदूंच्या छायाचित्राचे, ६४० बिंदूंच्या चौकोनांत, किमान ३५ तुकडे होतात. साधा प्रोसेसर हे काम करतो, पण हळू. आणि तितका वेळ सापळा जागा राहून बॅटरी खात राहतो. चिपचा खरा उपयोग इथे आहे. झटपट मोजावे आणि पुन्हा झोपावे. श्रावणातील ढगाळ आठवड्यात सौरपट्टी पुरेशी वीज देत नाही, तेव्हा हा फरक कळतो. जिथे विजेची चिंता नाही, उदाहरणार्थ प्रक्षेत्रावरील इमारतीलगत, तिथे चिपविना सापळाही पुरतो. तिथे तिच्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही.

पण चिप बसवली म्हणजे ती वापरली जाते असे नाही. अशा सापळ्यात सहसा त्याच कामापुरती छाटलेली लिनक्सची इमेज असते. इमेज म्हणजे इथे छायाचित्र नव्हे. मेमरी कार्डावर चढवलेली संपूर्ण कार्यप्रणाली. ती बांधण्यासाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या यॉक्टो प्रकल्पाची साधने बरीच वापरली जातात. प्रत्येक घटक कुठून आणायचा, कसा बांधायचा, हे लिहिलेल्या फाइलला तिथे ‘रेसिपी’ असेच म्हणतात. चिपसाठी इमेजमध्ये तीन गोष्टी भराव्या लागतात: गाभ्याला चिपची ओळख करून देणारा ड्रायव्हर, चिपमध्ये उतरवायचे फर्मवेअर आणि मोजणीच्या प्रोग्रामने ज्याच्याद्वारे चिपशी बोलायचे ते रनटाइम. या तिघांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. त्यावर चौथी अट अशी की, कीड ओळखणारे प्रतिमानही त्याच चिपसाठी, रनटाइमला मानवेल अशा साधनाने भाषांतरित केलेले असावे लागते.

यातील एक दुवा निसटला तर काय होते? काही प्रोग्राम थांबतात, त्रुटी दाखवतात, ते बरे. काही मात्र मुकाट्याने साध्या प्रोसेसरवर काम सुरू ठेवतात. मोजणी येत राहते, बॅटरी मात्र अपेक्षेआधीच संपते आणि दोष सौरपट्टीवर जातो. सापळ्याने रोजच्या अहवालात पतंगसंख्येसोबत मोजणी कोणी केली, चिपने की प्रोसेसरने, हेही कळवावे, एवढी साधी मागणी विस्तार कार्यकर्त्यांनी जरूर करावी.

हे दुवे कायम टिकतही नाहीत. गूगलच्या कोरल चिपच्या एका प्रकारासाठी लागणारा गॅस्केट नावाचा ड्रायव्हर २०१८ मध्ये लिनक्सच्या चाचणी-विभागात आला आणि २०२१ मध्ये तिथून वगळला गेला. पुढे गाभ्याच्या नव्या आवृत्त्यांवर तो दुरुस्त्या केल्याविना बांधता येईना. यॉक्टोच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांनाही मुदत असते: एप्रिल २०२२ ची एप्रिल २०२६ पर्यंत, एप्रिल २०२४ ची एप्रिल २०२८ पर्यंत. सापळ्याचा पत्रा त्याहून अधिक टिकतो.

आता कीटकशास्त्राचा भाग. या चिपांवर प्रतिमान चालवण्यासाठी त्यातील ३२ बिटांचे आकडे सहसा ८ बिटांत बसवतात. कोरलसारख्या चिपला तर दुसरे चालतच नाही. हे रूपांतर करताना नमुन्याची छायाचित्रे द्यावी लागतात आणि ती कुठली दिली यावर बरेच अवलंबून असते. प्रयोगशाळेतील ताजे, स्वच्छ पतंग दिले तर धुळीने माखलेल्या, खवले झडलेल्या पतंगांवर प्रतिमान अडखळू शकते. शिवाय गुलाबी बोंडअळीच्या गंधगोळीतील दोन घटकांपैकी एक घटक साठवणीतील धान्याचा पतंग, सिटोट्रोगा, याचाही कामगंध आहे. गोदामाजवळच्या सापळ्यात हे पाहुणे येतात. दोघे एकाच कुळातले आणि जवळपास एकाच आकाराचे. आकड्यांच्या काटछाटीत त्यांच्यातील सूक्ष्म भेद हरवला, तर धान्याच्या पतंगासाठी कपाशीवर फवारणी होईल! तेव्हा रूपांतरानंतरच्या प्रतिमानाची हाताने केलेल्या मोजणीशी तुलना झाल्याखेरीज सापळा शेतात जाऊ नये.

आणि नवी कीड? २०१८ मध्ये कर्नाटकातील मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. अशा वेळी सापळ्यातील गंधगोळी शेतकरी स्वतः बदलू शकतो. प्रतिमान बदलायचे तर नव्या छायाचित्रांवर शिकवणे, त्याच चिपसाठी रूपांतर आणि बहुधा नव्या रनटाइमसह इमेज पुन्हा बांधणे आले. रेसिपी केवळ विक्रेत्याच्या संगणकावर असेल आणि त्याने तो धंदा सोडला असेल, तर शेतातील सापळे जुनीच कीड मोजत राहतील.

विक्रेते म्हणतील, यात आमचे व्यवसायगुपित आहे. प्रतिमान त्यांचे राहो, फर्मवेअरही बंद राहो. चिप बनवणारे ते बहुधा उघड करणारच नाहीत आणि त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. परंतु इमेजच्या रेसिपी, आवृत्त्यांची नोंद आणि फर्मवेअर पुन्हा वितरित करण्याची परवानगी खरेदीदार संस्थेकडे असलीच पाहिजे. लिनक्सचा गाभा तर जीपीएल परवान्याखाली येतो. उपकरण घेणाऱ्याला त्याचा स्रोत मागण्याचा हक्कच आहे. कार्डावर इमेजसाठी दोन जागा असाव्यात, म्हणजे नवी इमेज बिघडली तर सापळा जुन्या इमेजवर परत येईल. अन्यथा एका चुकलेल्या अद्ययावतीकरणासाठी गावोगाव फिरण्याची वेळ येते.

पंजाब-हरियाणात कपाशीची पेरणी एप्रिल-मेमध्ये, तर मध्य भारतातील कोरडवाहू पट्ट्यात जूनपासून होते. सापळे पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी लागतात. हिवाळ्यात निविदा काढणाऱ्या संस्थांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना एक चाचणी सहज घालता येईल. विक्रेत्याने दिलेल्या रेसिपींवरून, त्याच्या मदतीविना, कृषी विद्यापीठातील किंवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी इमेज बांधून दाखवावी. तीत चिप ओळखली जावी आणि हाताने मोजलेल्या शंभर छायाचित्रांवरची मोजणी जुळावी. तोवर अंतिम हप्ता राखून ठेवावा.