गुण मिळाले, पण गाठ पाहिली का?

रायझोबियम कुठे राहतो? शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत. एक गुण पक्का! आता दुसरा प्रश्न. ती गाठ तुम्ही कधी हातात घेऊन फोडली आहे का?

आपला वाशीम जिल्हा सोयाबीनचा. रिसोड घ्या, मालेगाव घ्या की मंगरूळपीर, खरिपात शाळेच्या कुंपणापलीकडे हेच पीक उभं असतं. आणि कुंपणाच्या आत आपण त्याचीच आकृती वहीत उतरवून घेतो. धडा संपल्यावर मुलांना काय यायला हवं, याला शिक्षण खात्यात 'अध्ययन निष्पत्ती' म्हणतात. तिथे 'सांगता येते', 'स्पष्ट करता येते' असं पुष्कळ असतं. माझं म्हणणं एवढंच की नववी-दहावीच्या जीवशास्त्र-रसायनशास्त्रात चार गोष्टी 'करता येतात' अशाही लिहा.

पहिली, गाठ ओळखणं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं एक रोप मुळासकट काढायचं आणि गाठ नखानं फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली, तर जिवाणू कामावर आहे. मग हवेतला नत्र फुकटात मिळत असताना युरियाचं पोतं कशाला? जास्त नत्र दिला की उलट गाठी कमी धरतात.

दुसरी, मातीचा सामू मोजणं. 7 म्हणजे उदासीन, हे पाठ असतं. पण आपली काळी माती बहुतेक 7 च्या वरच असते. सामू वाढला की जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. घरी मृदा आरोग्य पत्रिका आली असेल, तर ती दहावीच्या मुलाला वाचता आली पाहिजे.

तिसरी, उगवण चाचणी. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि आठवड्याभरात मोजायचे. 70 उगवले तर ठीक. कमी आले, तर बियाणं वाढवायचं की बदलायचं, हे पेरणीआधीच कळतं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात किती जणांवर दुबार पेरणी आली, आठवतं ना?

चौथी सगळ्यात महत्त्वाची. कीटकनाशकाच्या लेबलवरचा त्रिकोण वाचणं. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. मज्जासंस्था आपण शाळेत शिकतो, आणि अनेक कीटकनाशकं नेमका तिच्यावरच घाव घालतात. हा संबंध वर्गात जोडला गेला, तर फवारणीला निघालेल्या बाबांना 'मास्क लावा, हातमोजे घाला' असं पोरगी कारणासकट सांगेल.

'मग अभ्यासक्रम कधी संपवायचा? लॅब कुठे आहे?' सरांचा हा प्रश्न खोटा नाही. पण दहावीला 40-40 गुणांच्या दोन पेपरांशिवाय 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून ते मिळवण्यापेक्षा या चार कामांना द्या की! लागतं काय? गोणपाट, मूठभर दाणे, सामू-कागद आणि एक रिकामं खोकं, ज्यावर लेबल शाबूत आहे. बाटली नको, खोकंच. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, तोवर पेरणी झालेली असते. म्हणून उगवण चाचणी उन्हाळी सुट्टीचा गृहपाठ करा.

'सगळेच काय शेती करणार?' नाही करणार. कुणी नर्सिंगला जाईल, कुणी पुण्याला. पण ऐकलेलं तपासून बघायची सवय कुठेही कामाला येते.

तुमचा भाऊ-बहीण नववी-दहावीत असेल, तर येत्या ऑगस्टमध्ये त्याला किंवा तिला धुऱ्यावर न्या आणि एक रोप उपटायला सांगा. गाठ आतून कुठल्या रंगाची निघाली, ते वर्गात जाऊन सरांनाही सांगू द्या.