कोथळा आधी, कबर नंतर

युद्धपटात शत्रूचा सैनिक माणूस म्हणून दाखवावा की नाही, या जुन्या वादाला श्रीराम राघवन यांच्या 'इक्कीस' या चित्रपटाने पुन्हा तोंड फोडले. १ जानेवारी २०२६ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट पुण्यात जन्मलेल्या अरुण खेत्रपाल यांच्यावर आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणांगणात 'पूना हॉर्स'चा हा एकवीस वर्षांचा अधिकारी पेटलेला रणगाडा सोडण्याचा आदेश नाकारून लढत राहिला आणि धारातीर्थी पडला. पुढे २००१ मध्ये त्यांचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपले जन्मस्थान सरगोधा पाहण्यास पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांचे आतिथ्य करणारे ब्रिगेडियर नासेर यांनीच अखेर त्यांना सांगितले, की अरुण आपल्या हातून मारला गेला.

ही घटना खरी आहे. ती पडद्यावर आणणे हा राष्ट्रद्रोह कसा ठरेल? रावणाचे अंत्यसंस्कार करण्यास बिभीषणाला सांगणारे प्रभू रामचंद्र आणि अफझलखानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी सन्मानाने मूठमाती देणारे शिवराय ज्यांचे आदर्श आहेत, त्या समाजाला शत्रूच्या शौर्याचे वावडे असण्याचे कारण नाही. मात्र महाराजांनी कोथळा आधी काढला, कबर नंतर बांधली. आपल्या कलावंतांना नेमका हाच क्रम आठवत नाही!

निर्मात्यांनी चित्रपटाच्या शेवटी खुलासा जोडला, की पाकिस्तानी अधिकाऱ्याची ही माणुसकी अपवादात्मक होती. जे कथेतून सांगता आले असते, ते पाटी लावून सांगावे लागले, ही दुबळेपणाची कबुलीच होय.

सांगण्यासारखे थोडे का आहे? १९९९ साली कॅप्टन सौरभ कालिया व त्यांच्या पाच सहकाऱ्यांचे छिन्नविच्छिन्न देह पाकिस्तानने परत केले. त्याच कारगिलमध्ये पाकिस्तानने आपल्या कित्येक मृत सैनिकांना ओळख देण्याचे नाकारले, तेव्हा भारतीय सैन्याने त्यांच्या धर्मविधीनुसार त्यांचे दफन केले. टायगर हिलवर पडलेल्या कॅप्टन शेरखानच्या खिशात ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याच्या शौर्याची साक्ष देणारी चिठ्ठी ठेवली. पाकिस्तानने पुढे त्याला आपला सर्वोच्च सन्मान, निशान-ए-हैदर, दिला.

सीमेपासून शेकडो कोस दूर असलेल्या, जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या गावात युद्ध पोहोचते ते बहुधा पडद्यावरूनच. त्या सन्मानामागे एका भारतीय ब्रिगेडियरची चिठ्ठी होती, हे तेथील मुलाला कोणता चित्रपट सांगणार?