आधी बूट बदला!

मंडळी, हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची. २०१० मध्ये तिनं १०,००० मीटरमध्ये राष्ट्रकुलचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेचं रौप्य पटकावलं. म्हणून बूट फेकून द्या असं मी म्हणत नाही. चवडा दुखत असताना डांबरी रस्त्यावर अनवाणी धावलात तर दुखणं वाढेलच! मुद्दा एवढाच, की अनवाणी पायाची बोटं मोकळी पसरतात. आपली मात्र आठवडाभर निमुळत्या फॉर्मल बुटात कोंबलेली.

मग चवड्यात, बहुधा तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे, जळजळ, करंट, बुटात खडा गेल्यासारखं... हा मॉर्टन्स न्यूरोमा असू शकतो. हाडांमधली नस दाबली जाऊन तिच्याभोवतीचा भाग जाड होतो. आपण काय करतो? पेनकिलर घेतो आणि सोमवारी परत तेच बूट! म्हणजे बग तसाच ठेवून एरर मेसेज बंद करण्यातला प्रकार.

माझं मत स्पष्ट आहे. आधी बूट बदला. पुढून रुंद, कमी टाचेचे. संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, उभं राहून घालून बघा. मेटाटार्सल पॅड दुखऱ्या जागेखाली नाही, किंचित मागे लावायचं. त्यानं नसेवरचा दाब कमी होतो. धावणं काही आठवडे कमी करा.

तरी थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. स्टिरॉइडचं इंजेक्शन त्यानंतर, ऑपरेशन सगळ्यात शेवटी, कारण नस काढली की बोटांमधे बधिरपणा राहतो. आणि मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग नकोतच.

असो. उद्या ऑफिसला निघताना बुटात बोटं हलवून बघा. हलत नसतील तर पेनकिलर काय करणार?