ओलं धान्य वर ठेवा

पावसाळा लागला की लोणावळ्यातल्या आमच्या घरी एका कपाटात चोवीस तास बल्ब जळतो. पूर्वी त्यात चामड्याचे बूट आणि ईदचे कपडे ठेवायचो, आता हार्ड डिस्क आणि कॅमेरा असतो. पुणे शहरात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे चार हजारांच्या वर. जुलैत धुकं खिडकीतून थेट खोलीत येतं. चिक्कीवाल्याला ही हवा बरोबर कळते. डबा उघडा ठेवू नका, चिकट होईल, हे तो न विचारता सांगतो. कॉम्प्युटर विकणाऱ्याने मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी घेतलेला मदरबोर्ड अकराव्या महिन्यात बंद पडला. वॉरंटी तीन वर्षांची होती. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला, यूएसबी पोर्टच्या मागे हिरवट गंज. "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." पाणी सांडलंच नव्हतं, हवाच तशी आहे. घरी येऊन पत्रक वाचलं, तर ओल आणि गंज दोन्ही मुंगीएवढ्या अक्षरांत वगळलेले. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की नव्वद टक्के आर्द्रतेपर्यंत चालेल, पण दव साचता कामा नये. खंडाळा, लोणावळा, मळवली या पट्ट्यात ही अट पावसाळ्यात कोण पाळणार? म्हणजे बारा महिन्यांचे पैसे देऊन आम्ही आठ महिन्यांची वॉरंटी विकत घेतो. विजेच्या चढउताराची गोष्ट वेगळीच, ती इथे काढत नाही.

तरी ते सोडून दिलं. ओल अल्लाहने दिलेली, तिच्यावर कुणाचा इलाज. सोडता आली नाही ती हार्ड डिस्क.

ती घेतली एका ओळखीच्या माणसाकडून. जुम्म्याला आम्ही एकाच सफमध्ये उभे राहतो. "सीलपॅक है, भाईजान, कंपनी का माल," तो म्हणाला. मी बिल मागितलं नाही. एक तर लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बिलाशिवाय अठरा टक्के जीएसटी वाचत होता. डिस्कवर अब्बांच्या शेवटच्या दोन वर्षांचे फोटो ठेवले. सहा महिन्यांत ती टकटक करायला लागली आणि एका सकाळी दिसेनाशी झाली. भाच्याने खटपट करून ती एकदाच, थोडा वेळ, चालू केली आणि डिस्क स्वतःची जी नोंद ठेवते ती उघडून दाखवली. एकूण चाललेले तास एकवीस हजारांच्या वर. वर्षाचे तास होतात 8,760. म्हणजे माझ्या हातात येण्याआधीच ती कुठल्या तरी कॅमेऱ्याच्या किंवा सर्व्हरच्या पेटीत दोन वर्षं रात्रंदिवस राबली होती. फोटो निम्मेच परत आले.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या मोठ्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. तिथे तासांचा आकडा पुसून शून्य केला होता. आतली दुसरी नोंद पुसायची राहिली म्हणून चोरी कळली. माझ्या माणसाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असं बजावलं. हा प्रसंग मी लहानपणापासून खुतब्यात ऐकतोय, पण त्यातली एक गोष्ट हार्ड डिस्क मेल्यावर लक्षात आली. धान्य भिजल्याबद्दल त्या माणसाला कुणी बोललं नाही. पाऊस त्याने पाडला नव्हता. दोष खाली दडपल्याचा होता. जुनी डिस्क विकण्यात पाप नाही. "वापरलेली आहे, एवढे तास चाललीय, निम्म्या किमतीत घे" असं म्हटला असता तर मीही कदाचित घेतली असती, फक्त अब्बांचे फोटो तिच्यावर ठेवले नसते.

आपल्या फिकहमध्ये यासाठी नावासकट हक्क आहे, खियार-उल-ऐब. लपलेला दोष निघाला तर सौदा मोडायचा अधिकार गिऱ्हाइकाचा. देशाचा कायदाही तेच म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019, लागू 20 जुलै 2020 पासून. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. माल बेंगळुरूहून मागवला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यात, आणि इथून तासा-दीड तासाच्या लोकल प्रवासावर राहणारे आम्ही अजून बिल मागायला लाजतो.

मी तक्रार केली नाही. कागदच नव्हता. अठरा टक्के वाचवून मी स्वतःचाच साक्षीदार विकून टाकला होता, हे बायकोने दोनदा ऐकवलं.

मागच्या महिन्यात त्याच दुकानात गेलो. तो वाईट माणूस नाही. त्यालाही वरून सीलपॅकच आली असेल असं मला अजून वाटतं, पण सील फोडून तास बघणं त्याच्या हातात होतं. नवी डिस्क त्याच्यासमोर लावली, तास बघितले, शून्य. मग बिल मागितलं.

"भाईजान, आप को भी बिल?"

मी हो म्हणालो. त्याने खणातून बिलबुक शोधून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि लिहायला लागला. तळाशी छापलं होतं, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी म्हटलं, एवढी ओळ खोड. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने पेन उलटं धरलं, पुन्हा सुलटं धरलं आणि ओळीवर रेघ मारली.