तंजावरची पोथी आणि पडद्यावरचे पुस्तक

छापील पुस्तक हेच खरे पुस्तक आणि ई-पुस्तक ही त्याची नक्कल, हा पूर्वपक्ष तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात फार वेळ टिकत नाही. नायक राजांच्या काळात सुरू झालेला आणि भोसले घराण्यातील दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798–1832) वाढवलेला हा संग्रह. ताडपत्रे, कागदी पोथ्या आणि युरोपातून मागवलेली छापील पुस्तके तिथे एकाच छपराखाली आहेत. सरफोजींनी देवनागरी छापखानाही काढला, आणि सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी 1806 मध्ये तिथून 'बालबोध मुक्तावली' या नावाने बाहेर पडल्या. बोरूच्या वळणावर वाढलेल्या डोळ्यांना शिशाच्या खिळ्यांचे ते अक्षर परकेच होते. छापील पुस्तकाला आज मिळणारा मूळपणाचा मान त्याच्या वयाचा आहे, जातीचा नव्हे.

कागदाचा वास, पान उलटण्याचा नाद वगैरे युक्तिवाद पुस्तक हाताशी असलेल्यांचा आहे. पुण्यातला वाचक दुकानात उभ्याने चाळून पुस्तक घेतो. तंजावरच्या मराठी घराला ते दुरून मागवावे लागते. त्याहून मोठी अडचण लिपीची. साडेतीनशे वर्षे तमिळ मुलखात राहिलेल्या या मराठीभाषकांपैकी अनेकांचे शिक्षण तमिळमधून झाले. घरात मराठी बोलली जाते, पण देवनागरी झरझर वाचता येतेच असे नाही. छापील पुस्तक एकदा ज्या लिपीत छापले त्या लिपीत कायमचे अडकते. टंकित मजकुराचे तसे नाही, तो तमिळ लिपीत उतरवता येतो. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारींना एकच अक्षर असल्याने काही उच्चार अंदाजाने लावावे लागतील, इतकेच. दक्षिणी मराठीच्या वाचकाला ई-पुस्तकाने दिलेली ही सोय कागद कधीही देऊ शकणार नाही.

म्हणून 'सगळे स्कॅन करा, कागद मोडीत काढा' हा उलटा हट्ट मात्र मान्य होत नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि लिपी तर बदलतच नाही. अशा फायलींना ई-पुस्तक म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे. मालकीचा प्रश्न वेगळाच. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने आधी विकलेली काही पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. त्यांत ऑर्वेलची '1984' ही कादंबरी असावी, हा योग विलक्षणच! याउलट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही कोणत्याही यंत्रावाचून वाचता येतो.

पण एकुलती एक प्रत किती असुरक्षित असते, हे 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झालेल्या, हस्तलिखितांची नासधूस करणाऱ्या हल्ल्याने दाखवले. तेव्हा जपण्यासाठी मूळ पोथी आणि वाचण्यासाठी टंकित ई-पुस्तक, हाच पक्ष ग्राह्य ठरतो. सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या घरात आहेत, शिवाय मोडी कागदांचे रुमाल वेगळे. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आता तुटवडा आहे तो मोडी वाचणाऱ्या माणसांचा.